सीपॅपचा मास्क: तुम्हाला कोणता जमला, कसा जमला?

वैदेही, ठाणे

माझ्या नवऱ्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे. स्लीप स्टडीत एएचआय ४० च्या वर आला, म्हणजे झोपेत तासाला चाळीसहून जास्त वेळा श्वास थांबत होता किंवा अगदी उथळ होत होता. हा आकडा ५ च्या आत असला तर ठीक, ३० च्या पुढे गेला की तीव्र. डॉक्टरांनी सीपॅप सांगितला, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन. आम्ही घेतलं. मशीन ऑटो (दाब स्वतः कमीजास्त करणारं) घ्यायचं की फिक्स्ड, ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी पाण्याची टाकी) हवा की नको, वॉरंटी किती, यावर घरात भरपूर खल झाला. मास्क मात्र मशीनबरोबर जो आला तो आला, आणि पुढचा सगळा त्रास त्या मास्कनेच दिला.

"मला सीपॅप झेपला नाही" म्हणत जे मशीन माळ्यावर टाकतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना मशीन नाही, मास्क झेपलेला नसतो, असं माझं ठाम मत झालं आहे. आमच्या ओळखीत अशी माणसं आहेत. दिवसा बसल्या जागी पेंगतात, आणि त्यातले एक रोज गाडी चालवत ऑफिसला जातात. याची मला खरंच धास्ती वाटते, म्हणून हा धागा काढते आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे. फक्त नाक झाकणारा नेझल, नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडं बसतात तो नेझल पिलो, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. नाकाखाली पाळण्यासारखा टेकणारा एक प्रकार अलीकडे बराच चालतो, त्याला क्रेडल म्हणतात.

ह्यांच्या नाकाच्या हाडावर लाल वळ उठायचा आणि पहाटे डोळ्यांत हवा जायची. विक्रेता फोनवर सांगे, पट्टे अजून आवळा. आवळले की वळ खोल व्हायचा, हवा गळायची ती गळायचीच. शेवटी दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या मुलाने कुशन हातात देऊन दाखवलं. सिलिकॉनला दोन पदर असतात आणि बाहेरचा पातळ पदर आतल्या हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो. पट्टे करकचून आवळले की तो पदर चेपतो, मग सील धरणार कोण? त्याने ह्यांना चक्क कॉटवर आडवं केलं, मशीनचं प्रेशर रात्री चढतं तेवढं ठेवलं, मास्क चेहऱ्यापासून बोटभर ओढून धरला, कुशन फुगू दिलं आणि अलगद सोडलं. हवा गळायची थांबली. वर साइझही एक नंबर लहान लागला. बसल्यावर मास्क एकदम फिट वाटतो, पण आडवं झालं की गाल मागे सरकतात आणि माप बदलतं. त्यामुळे खुर्चीत बसवून मास्क देणाऱ्याकडून मास्क घेऊ नये, असं मी सगळ्यांना सांगते.

तुमचे अनुभव लिहा. चेहरा, मिशी, केस, वय, सर्दी, भीती, जे काही आडवं आलं ते सगळं लिहा.

रणजित, कराड

वैदेहीताई, फार गरजेचा विषय काढलात. माझी अडचण मिशीची. आमच्या घरात आजोबांपासून भरघोस मिशा आहेत आणि त्या काढायचा प्रश्नच नव्हता. पहिला मास्क फुल फेस होता. सिलिकॉनला कातडी लागते आणि इथं मधे केस, त्यामुळे वरच्या ओठाकडून हवा निघायची आणि फुरफुर आवाजाने बायको उठायची.

मग नेझल पिलो घेतला. बोंडं नाकपुडीच्या तोंडाशीच बसत असल्याने मिशीचा संबंधच येत नाही. माझ्या पाकिटात लहान, मध्यम, मोठी अशी तिन्ही मापं आली होती. दोन्ही नाकपुड्या सारख्या नसतात, जी मोठी तिच्या मापाने घ्या. सुरुवातीला नाक आतून हुळहुळतं. त्याला पाण्याचा बेस असलेलं जेल लावायचं, व्हॅसलीन नाही. व्हॅसलीनने सिलिकॉन खराब होतं आणि ते नाकात ओढलं जाणंही बरं नव्हे, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं. माझं प्रेशर (हवेचा दाब, सेंटिमीटर पाण्यात मोजतात) ९ च्या आसपास राहतं. प्रेशर बरंच जास्त असेल तर हीच हवा नाकात झोताने बसते, असं माझ्या मेहुण्याचं म्हणणं. त्याला साधा नेझल मास्कच बरा वाटला.

मृण्मयी

बायकांच्या बाजूने लिहिते, कारण दुकानात डमीवर दाखवतात त्या डोक्याला केस नसतात.

आधी एक सांगते. मी घोरते असं घरात कुणी कधी म्हणालं नव्हतं. सकाळी डोकं दुखायचं, दिवसभर अंगात त्राण नसायचं, रात्री मधेच जाग यायची. सगळे म्हणायचे पाळी गेल्यावर असं होतंच. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं आणि आपल्यात तो बऱ्याचदा अशा थकव्याच्या, मोडक्या झोपेच्या रूपाने दिसतो, हे मला स्लीप स्टडी झाल्यावर कळलं. एखादी मैत्रीण असं काही सांगत असेल तर तिला तपासायला न्या, हातापाया पडून न्या.

आता मास्क. मी चमकी घालते. तिची फिरकी आतल्या बाजूला असते आणि पिलो नेमका तिच्यावर दाबला जायचा. नेझल मास्कची कड बाहेरून टोचायची. क्रेडल नाकाच्या खालून टेकतो, त्यामुळे चमकी मोकळी राहते. माझ्या मास्कची नळी टाळूवर जोडलेली आहे आणि हवा दोन्ही गालांवरून येते. कुशीवर झोपलं की खालची बाजू दबते, पण वरच्या बाजूने हवा चालू राहते. नळी अंगाखाली गुंडाळली जात नाही हे मोठं सुख. अंबाडा मात्र चालत नाही, मागचा पट्टा वर सरकतो. मी सैल वेणी घालून ती खांद्यावरून पुढे घेते.

आणि रात्री झोपताना क्रीम लावायची सवय असेल तर ती सकाळवर न्या. चेहरा तेलकट असला की कुशन घसरतं. केसांना तेल लावलं तर न्हाण्याच्या आधी दुपारी, रात्री मुळीच नाही. कुशन रोज कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुते, पट्टे आठवड्याला.

अंजली, सांगली (आईसाठी)

आई ७६ वर्षांची आहे, कवळी लावते. रात्री कवळी काढली की गाल आत जातात आणि फुल फेस मास्क दोन्ही बाजूंनी उघडा पडायचा. दुकानात माप घेतलं होतं ते कवळी घालून! नंतरच्या टेक्निशियनने पहिला प्रश्न विचारला, "आजी, झोपताना कवळी असते की नसते?" कवळी काढून माप घेतल्यावर लहान साइझ निघाला. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी हा प्रश्न स्वतःहून काढा.

तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. त्यामुळे चुंबकाच्या क्लिपचा मास्क सोयीचा वाटला होता, हात नेला की टक्कन बसतो. पण बाबांना पेसमेकर आहे. हे चुंबक पेसमेकर किंवा शरीरात बसवलेल्या तशा उपकरणांपासून किमान ६ इंच लांब ठेवा असा इशारा कंपन्यांनीच दिला आहे, आणि तो फक्त पेशंटसाठी नाही, शेजारी झोपणाऱ्यासाठीही आहे. म्हणून साध्या हुकाचा घेतला. पट्ट्यांची लांबी एकदा ठरवून वेलक्रोवर पेनने खूण केली आहे, ती वेलक्रो सोडायचीच नाही. खालचा एक हूक काढून टोपीसारखा मास्क उतरवायचा.

तिला रात्री लघवीला उठावं लागायचं, तेव्हा सगळा मास्क काढून पुन्हा लावणं जमायचं नाही. मग समजलं की फक्त नळी पुढून सुटी होते. मास्क तोंडावर ठेवूनच ती जाऊन येते. उपचार लागू पडल्यावर ते उठणंच पुष्कळ कमी झालं. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅप्नियामुळे रात्री लघवी जास्त तयार होते, त्यामुळे हा फरक अपेक्षितच होता.

सुहास

माझा नेझल मास्क उत्तम बसतो पण झोपेत तोंड उघडतं, सकाळी घसा कोरडाठाक. व्हिडिओत तोंडाला टेप लावतात तसं करू का?

स्लीप लॅबवाली, पुणे

सुहासदादा, स्वतःच्या मनाने टेप नको. उलटी आली, नाक बंद झालं, तर तोंड हाच मार्ग उरतो. आधी नाक तपासून घ्या. नाक चोंदलं की तोंड आपोआप उघडतं. पडदा वाकडा आहे का, पावसाळ्यात अ‍ॅलर्जी होते का, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. झोपण्याआधी सलाइनने नाक धुणं, ह्युमिडिफायर एक पायरी वाढवणं, यानेही बऱ्याच जणांचं भागतं. नंतर हनुवटीचा पट्टा, आणि तरीही नाही जमलं तर फुल फेस. मी फुल फेस शेवटी सांगते, कारण त्याची कड लांब असते, गळायला जागा जास्त, आणि बऱ्याच पेशंटना त्यात प्रेशरही जास्त लागतं. नाकाच्या मास्कवरून फुल फेसवर गेलात तर डॉक्टरांना सांगून मशीनमध्ये नोंदलेला डेटा पुन्हा पाहून घ्या.

लॅबमध्ये रोज दिसणाऱ्या अजून काही गोष्टी. मास्कवर बारीक भोकं किंवा जाळी असते, तिथून सतत हवा येते. तो लीक नाही. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. आवाज येतो म्हणून एका काकांनी त्यावर चिकटपट्टी लावून आणली होती. कृपा करून असं करू नका. त्याच कारणासाठी हॉस्पिटलात व्हेंटिलेटरला लावलेला मास्क, "नवीनच आहे" म्हणून घरी आणून सीपॅपला जोडू नका. त्यातल्या काहींना ही भोकंच नसतात.

दुसरं, "गुदमरतं" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मास्क मोठा किंवा लहान नसतो. मशीन बहुतेक ४ वर सुरू होतं आणि हळूहळू चढतं. काहींना ४ वर हवाच पुरत नाही. सुरुवातीचं प्रेशर थोडं वाढवून दिलं की तोच मास्क चालतो. हे डॉक्टरांशी बोलून करा.

नितीन, जळगाव

गुदमरण्यावर मी लिहितो. मला लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो. पहिल्या रात्री मास्क लावला आणि पाच मिनिटांत ओरबाडून काढला. आमच्या डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, रात्री लावूच नका. दिवसा, जागेपणी, टीव्ही बघताना लावा. आधी पट्टे न लावता मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, हवा चालू. कधीही सोडता येतो हे मनाला पटू द्यायचं. ते जमलं की पट्टे. मग दुपारी आडवं होऊन. मग रात्रीचा पहिला प्रहर. घाई कसलीच नाही. पिलो प्रकारात डोळ्यांसमोर काही येत नाही, चष्मा लावून वाचता येतं, याचाही मला मोठा आधार झाला.

माझी दुसरी भीती वीज जाण्याची. इकडे उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नाही. वीज गेली की जीव जाईल, असं वाटायचं. मॅडमनी समोर मशीन बंद करून दाखवलं. फुल फेस मास्कमध्ये एक झडप असते, हवा थांबली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. आता इन्व्हर्टरवर मशीन चालतं. लाइट जाण्याच्या दिवसांत मी ह्युमिडिफायरची गरम प्लेट बंद ठेवतो, सर्वात जास्त वीज तीच खाते.

प्रसाद, सिडनी

धागा वाचताना राहवलं नाही. सीपॅप जन्मला तो माझ्या शहरात. डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये इथे पहिल्यांदा पेशंटवर वापरला, आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच पेशंटवरचा निबंध छापून आला. सुरुवातीच्या पेशंटच्या नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत आणि तो रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्यावर अक्षरशः चिकटवत. सकाळी ओढून काढायचा. आणि तरीही लोक रोज लावत होते, कारण पहिल्यांदाच पूर्ण झोप मिळत होती. मला हे कळल्यावर माझ्या मास्कबद्दल फार आदर वाटायला लागला.

इथे मशीन घेण्याआधी ते भाड्याने वापरून बघता येतं आणि त्या काळात मास्क बदलूनही मिळतात. भारतात काही विक्रेते तसं करतात असं भाऊ सांगतो. पैसे देण्याआधी "जमला नाही तर बदलून द्याल का?" हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

नयना, नाशिक

थंडीबद्दल कुणी लिहिलं नाही. डिसेंबरात नळीत पाणी साचून खळखळ आवाज येतो आणि मास्कमध्ये थेंब पडतात. मास्क खराब झाला असं वाटतं, पण खोली गार आणि नळीतली हवा उबदार असल्याने वाफेचं पाणी होतं. मशीन उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पाणी मागे वाहतं. नळी पांघरुणाच्या आत घ्या. मी जुन्या स्वेटरच्या बाह्या शिवून नळीला खोळ केली आहे. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, आमच्या बोअरच्या पाण्याने पांढरा थर धरला होता.

वैदेही, ठाणे

नयनाताई, खोळीचा फोटो टाकाल का? ह्यांना महाबळेश्वरला नेहमी हाच त्रास होतो. अंजलीताई, चुंबकाचं वाचून ह्यांचा मास्क उलटसुलट करून पाहिला, हुकाचाच निघाला. सासूबाईंना पेसमेकर आहे आणि नातवासकट सगळे एका खोलीत झोपतात, त्यामुळे जीव भांड्यात पडला.

एक भर घालते. मास्क घेताना त्याचं नुसतं कुशन सुटं मिळतं का ते आधी विचारा. कुशन काही महिन्यांत कडक किंवा पिवळट होतं आणि पुन्हा गळायला लागतं. फ्रेम चांगली असताना सबंध मास्क घ्यायला लावणारे आहेत. सुहासदादा, ईएनटीकडे जाऊन आलात की लिहा. रणजितदादा, तुमच्या पिलोचं पाण्याचं जेल मेडिकलमध्ये काय नाव सांगून मिळतं तेही कळवा.