टुपाकचं सचित्र चरित्र: दहावीतल्या भाच्यासाठी कुठलं घ्यावं?

निळीशाई
नमस्कार मंडळी. भाचा यंदा दहावीत आहे, सेमी इंग्रजीत. सध्या टुपाक शकूर या अमेरिकन रॅपरने पुरता झपाटलाय. गाण्यांचे शब्द वहीत उतरवून काढतो आणि समासात चेहरे रेखाटत बसतो. वाढदिवसाला मावशीकडून त्याला टुपाकचं चित्रं असलेलं चरित्र द्यायचंय, नुसत्या मजकुराचं जाडजूड पुस्तक तो उघडणार नाही. बहिणीची काळजी वेगळी: सगळं बंदुका आणि तुरुंगच असेल तर ते तिला घरात नकोय. काय घेऊ?

कडेपठार
ताई, जमाल जोसेफ यांचं 'टुपाक शकूर लेगसी' (२००६) बघा. लेखक स्वतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षातले, टुपाकच्या आईचे सहकारी, त्यामुळे घरच्या माणसाने सांगावं तसं सांगतात. यात रेखाटनं नाहीत, छायाचित्रं आहेत. शिवाय टुपाकच्या हस्ताक्षरातल्या कागदांच्या प्रती आहेत, त्या बाहेर काढून वाचता येतात. जुनी प्रत घेणार असाल तर हे सुटे कागद जागेवर आहेत का, ते आधी विचारून घ्या. ते नसतील तर पुस्तकाची मजाच गेली.

नाचणी
बहिणीला सांगा, टुपाकची गोष्ट बंदुकीपासून नाही, आईपासून सुरू होते. त्याची आई अफेनी शकूर न्यूयॉर्कच्या 'पँथर २१' खटल्यात, म्हणजे ब्लॅक पँथरच्या एकवीस जणांवरच्या खटल्यात, आरोपी होती. पोटुशी असताना तिने वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः लढवली. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि १६ जूनला हा जन्मला. पुढे त्याला नाव दिलं ते पेरूत स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव करणाऱ्या आणि १७८१ मध्ये मारल्या गेलेल्या दुसऱ्या तुपाक अमारूचं. बाल्टिमोरच्या कलाशाळेत हा मुलगा नाटक, कविता, बॅले शिकला. 'नटक्रॅकर' या बॅलेत उंदरांचा राजा झाला होता!

कुठलंही चरित्र निवडताना मी हेच बघते, की या वर्षांना किती पानं दिलीत आणि ७ सप्टेंबर १९९६ ला लास व्हेगासमध्ये त्याच्यावर झालेल्या गोळीबाराला किती. अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला तो. त्या एका रात्रीवर अर्धं पुस्तक खर्ची घातलं असेल तर ते मी कुठल्याच मुलाच्या हातात देणार नाही.

आणि आपल्याकडचं नातं त्याला जरूर सांगा. याच ब्लॅक पँथरवरून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'ही त्याच वर्षीचा. अफेनी कोण होती हे कळलेल्या मुलाला ढसाळ परके वाटणार नाहीत.

गावकूस
नाचणी यांना +१. मी मात्र चरित्राच्या आधी 'द रोझ दॅट ग्रू फ्रॉम काँक्रीट' देईन. १९८९ ते १९९१ या काळातल्या, बहुतेक नाव होण्याआधीच्या, टुपाकच्या कविता. त्याच्या मृत्यूनंतर १९९९ मध्ये छापल्या. एकीकडे छापील कविता आणि समोर तीच त्याच्या हस्ताक्षरात. 'मी' म्हणायला इंग्रजीत जो 'आय' लागतो, त्याच्या जागी तो चक्क डोळा काढतो, आणि 'टू'च्या जागी दोनचा आकडा. समासात चेहरे काढणाऱ्या पोराला हे किती जवळचं वाटेल! कविता छोट्या आहेत, सेमीच्या मुलाला जड जाणार नाहीत.

खरोखरची चित्रकथा हवी असेल तर एड पिस्कोरचं 'हिप हॉप फॅमिली ट्री'. पहिला खंड १९८१ पर्यंतचा, म्हणजे त्यात टुपाक नाही, त्याच्या आधीची, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली हिप हॉपची पिढी आहे. जुन्या कॉमिकसारखा पिवळट कागद, ठिपक्यांचे रंग, मोठा आकार. चित्र काढणाऱ्याने निव्वळ रेषेसाठीही बघावं असं काम आहे.

निळीशाई
सगळ्यांचे मनापासून आभार. कवितांचं पुस्तक नक्की केलं. 'लेगसी'ची सुट्या कागदांसकट प्रत शोधायला लागते. अफेनीची हकीकत बहिणीला फोनवर वाचून दाखवली, तर आता तिलाच आधी वाचायचंय. रॅपर जे-झीचं 'डीकोडेड' या वयाला चालेल का?

कडेपठार
आत्ता नको. त्यात त्याने आपल्याच गाण्यांवर ओळीओळीला टिपा दिल्यात, त्या फार सुरेख आहेत. पण इंग्रजी वळणाचं आहे आणि ड्रग्जच्या धंद्याचे दिवस त्यात सरळ येतात. बारावीनंतर द्या.