वडिलांच्या रक्तातील सीईए (कर्करोगाचे सूचक प्रथिन) पुन्हा वाढला आहे. धाकट्या भावाचीही तपासणी करावी का?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली)

माझे वडील ५४ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मिरजेत त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि लसिकाग्रंथींतही आजार आढळल्यामुळे आता ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाची केमोथेरपी चालू आहे. शस्त्रक्रियेपूर्वी सीईए १४.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होता, सहा आठवड्यांनी तो २.६ झाला आणि परवा, दुसऱ्या केमोनंतर, तासगावच्या लॅबमध्ये ५.९ निघाला. घरात सगळ्यांचा धीर सुटला आहे. आजार परतला असे समजावे का? माझा भाऊ २८ वर्षांचा आहे. त्याचा सीईए तपासला तर त्याच्याबाबत निर्धास्त होता येईल का?

उत्तर १ (मिरज, पॅथॉलॉजी विभागात नोकरी)

या एका आकड्यावरून आजार परतला असे कृपया समजू नका. सीईए हे प्रथिन १९६५ साली माँट्रियलमध्ये गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधले तेव्हा रक्ताच्या एका तपासणीत आतड्याचा कर्करोग कळेल अशी मोठी आशा होती, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत आणि आतड्याच्या सुजेतही ते वाढते, तर कित्येक रुग्णांत गाठ असूनही वाढत नाही. म्हणून निदानासाठी त्यावर विसंबत नाहीत. त्याचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतरच्या पाठपुराव्यात आहे. वडिलांचा आकडा शस्त्रक्रियेनंतर ५ या नेहमीच्या मर्यादेच्या खाली आला, ही चांगली खूण आहे. ऑक्सॅलिप्लॅटिन सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सीईए तात्पुरता चढू शकतो, शिवाय लॅब बदलली की तपासणीची पद्धत बदलते आणि दोन आकड्यांची तुलना बिनचूक राहत नाही. डॉक्टरांना विचारून पूर्वीच्याच लॅबमध्ये पुन्हा तपासून घ्या. त्यानंतरही तो चढतच राहिला तर ते सीटी स्कॅन सांगतील.

उत्तर २ (कराड, जि. सातारा)

भावाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या रक्तात नाही, वडिलांच्या गाठीत आहे. गाठीच्या तुकड्यावर एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ या चार प्रथिनांची तपासणी झाली आहे का, ते रिपोर्टमध्ये पाहा. पेशी विभागताना डीएनएत राहणाऱ्या चुका ही प्रथिने दुरुस्त करतात. त्यांतले एखादे गाठीत नसेल तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असू शकतो, आणि तो असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र एमएलएच१ नसणे हे पुष्कळदा आनुवंशिक नसते, त्यामुळे पुढची जनुकीय तपासणी होईपर्यंत घाबरून जाऊ नये.

माझ्या आईच्या वेळी हे आम्हाला फार उशिरा कळले, म्हणून आग्रहाने लिहिते आहे. भावातही लिंच आढळला तर त्याची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) बहुधा आत्ताच सुरू करावी लागेल. चारही प्रथिने शाबूत असतील, तरी वडिलांना साठीच्या आत आजार झाल्यामुळे ती साधारण चाळिशीपासून करावी असे सांगतात. हाच अहवाल वडिलांच्याही कामी येतो, कारण आजार पुढे पसरलाच तर यांतले एखादे प्रथिन नसलेल्या गाठींवर इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध वापरणारे उपचार) विशेष चांगली चालते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रिपोर्ट पुन्हा वाचला. त्यात या चार प्रथिनांचा उल्लेख नाही. गाठीचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) मिरजेच्या लॅबमध्येच जपून ठेवले आहेत, असे फोनवर कळले. सोमवारी वडिलांना तिसऱ्या केमोला नेणार आहे, तेव्हा ही तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलेन आणि सीईएसाठी रक्तही तिथेच देऊ.