२०२१ चं भारतीय जलतरण आणि आमच्या पोरीचे आठ सेकंद

सतीश, सोलापूर:
मंडळी, माझी पोरगी तेरा वर्षांची, बॅकस्ट्रोक करते, म्हणजे पाठीवर पोहते. २०२१ साल हा आमच्या घरातला रोजचा विषय. मार्च २०२० मध्ये देशातले तलाव बंद झाले, स्पर्धेतल्या पोरांसाठीसुद्धा ते ऑक्टोबरात उघडले. आपला जलतरणपटू साजन प्रकाश मानेच्या दुखण्यातून उठला, दुबईत प्रदीप कुमार सरांकडे सराव केला आणि जून २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये मारली. ऑलिंपिकचा 'ए' निकष, म्हणजे थेट प्रवेश मिळवून देणारी वेळ, होता १:५६.४८! त्याआधी एकाही भारतीयानं तो गाठला नव्हता. लगेच दुसऱ्या दिवशी श्रीहरी नटराज, १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७, निकष ५३.८५. आजही हे आकडे लिहिताना अंगावर काटा येतो.

आता प्रश्न. त्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकला उतरलेल्या माना पटेलची १०० मीटर बॅकस्ट्रोकची वेळ १:०५.२०. आमच्या पोरीची १:१३. ती म्हणते, "बाबा, आठच सेकंद राहिले की!" पण आमचा तलाव २५ मीटरचा. हे आठ सेकंद खरे धरायचे का?

शुभदा, पुणे:
सतीशदादा, नका धरू. मी पोरांना शिकवते म्हणून सांगते. तुमच्या तलावात शंभर मीटरला तीन टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं, ५० मीटरच्या तलावात एकच. प्रत्येक टर्नला भिंतीला रेटा देऊन पोरं पाण्याखाली दोन्ही पाय जोडून डॉल्फिन किक मारत निघतात, नियमानं १५ मीटरपर्यंत. तिथं वेग जास्त मिळतो, म्हणून वेळ कमी येते. बालेवाडीला ५० मीटरचा तलाव आहे, तिथं एकदा स्पर्धेत उतरवा आणि तीच वेळ वहीत लिहा. आणि मानाला जागा युनिव्हर्सॅलिटी कोट्यातून मिळाली, म्हणजे देशातल्या एकाही महिलेनं निकष गाठला नसला तरी देशाला मिळते ती जागा. महिलांचा 'ए' निकष १:००.२५ होता. पोरीला हेही सांगा, लपवू नका. पण २५ मीटरमध्ये १:१३ म्हणजे पोरगी चांगली पोहते हो.

बसवराज, अक्कलकोट रोड:
आमचा पोरगा टर्नलाच मार खायचा. भिंत जवळ आली की मान वळवून बघायचा, तिथंच वेग जायचा. तुमच्या तलावावर भिंत जवळ आल्याचं कळायला आडवी बांधतात ती पताकांची दोरी आहे का? पताका डोक्यावरून गेल्यावर भिंतीपर्यंत किती हात लागतात, ते मोजून पाठ करून घ्या. आम्ही दोरी स्वतःच बांधली. आणि उन्हाळ्यात पहाटेच जावा, नंतर अख्खं सोलापूर पाण्यात असतंय, लेन कुठली मिळायला!

सतीश:
दोरी नाहीच ओ. रविवारी बांधतो. भिंतीपासून किती अंतरावर?

शुभदा:
५ मीटर. पाण्यापासून १.८ मीटर उंच. दोन्ही टोकांना बांधा.