सुवर्णकमळं आणि वर्धापनदिन धरून वर्षभराचे मराठी सिनेमे : सल्ला हवा आहे

माजघर
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एकदा सिनेमा दाखवायचं ठरलंय. येणारे चाळीसेक जण. निम्मे साठीच्या पुढचे, बाकीची दहावी-बारावीची पोरं. मला वाटलं, ज्यांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, म्हणजे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक किंवा सुवर्णकमळ मिळालं ते मराठी सिनेमे सालाप्रमाणे लावावेत आणि जमेल तिथे त्या त्या तारखेचं निमित्त धरावं. पण यादी करायला बसले तर 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' एवढ्यावरच थांबली. पाच महिन्यांत कार्यक्रम संपेल. पुढे काय करावं?

रीळवाला
माजघर, तुमची यादी बरोबर आहे. ती छोटी का आहे हेच तुमच्या पोरांना दाखवण्यासारखं आहे.

'श्यामची आई'ला १९५३ सालासाठीचं पदक मिळालं, तेही पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ मध्ये. त्यानंतर 'श्वास' येतो तो थेट ५१व्या पुरस्कारांत, २००३ सालासाठी. मध्ये पन्नास वर्षं मराठीला सर्वोच्च पुरस्कार नाही! आता त्या पन्नास वर्षांत मराठीत काय झालं नाही सांगा? 'सामना' झाला, 'जैत रे जैत' झाला, 'सिंहासन' झाला, 'उंबरठा' झाला. जब्बार पटेलांचे हे चारही सिनेमे सुवर्णकमळाच्या यादीत सापडणार नाहीत. म्हणून माझा आग्रह, फक्त पुरस्कार धरून चालू नका. पुरस्काराचा एक आणि त्याच्याशी नातं असलेला, पण यादीत नसलेला एक, अशा जोड्या लावा.

माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे 'सामना' आणि 'कोर्ट'. 'सामना' १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. विजय तेंडुलकरांची पटकथा, समोरासमोर निळूभाऊ फुले आणि डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न आजही गावोगाव लोकांच्या तोंडी आहे. 'कोर्ट'मध्ये चाळीस वर्षांनी आणखी एक कांबळे उभा राहतो, शाहीर नारायण कांबळे. गटारात उतरून मेलेल्या कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं असा त्याच्यावर खटला. ती भूमिका केलेले वीरा साथीदार २०२१ मध्ये गेले. हे दोन्ही सिनेमे लागोपाठच्या महिन्यांत दाखवा आणि दुसऱ्यानंतर अर्धा तास बोलायला मोकळा ठेवा. 'कोर्ट'मधली सरकारी वकील लोकलमध्ये शेजारणीशी साडीबद्दल बोलते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. ते बघताना आमच्याकडे मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्यातलीच आहे." पुढचं सगळं बोलणं त्या वाक्यावरून सुरू झालं.

तारामती_३२
रीळवाला यांना अनुमोदन. जोडीचीच कल्पना तारखांनाही लावा. ३ मे १९१३ला गिरगावात कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात तारामती होते अण्णा साळुंके, कारण कुणी बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. ६ फेब्रुवारी १९३२ला प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट. गोष्ट तीच, पण या वेळी तारामती दुर्गा खोटे. चांगल्या घरातली शिकलेली बाई सिनेमात आली म्हणून तेव्हा किती बोललं गेलं! एकोणीस वर्षांत एवढं बदललं, आणि ते एकाच व्यक्तिरेखेत दिसतं. फाळक्यांच्या चित्रपटाचा थोडाच भाग आज उरलाय, तेव्हा तो आधी दाखवून लगेच दुसरा सुरू करता येईल. मे महिन्यात सुट्टीला घरी आलेली मुलंही असतील. लहान पोरं जास्त असली तर त्याच आठवड्यात फाळक्यांच्या या सिनेमाच्या खटपटीवरचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावा, हसत हसत बघतील.

माजघर
ताई, हे फारच छान! मला एक शंका आहे. 'संत तुकाराम' वारीच्या दिवसांत लावावा की डिसेंबरात?

रीळवाला
डिसेंबरात. १२ डिसेंबर १९३६ला मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेव्हा आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कार नावाची गोष्टच नव्हती, त्यामुळे तुमच्या यादीत तो कधीच आला नसता.

लोकांना सुरुवातीलाच सांगा की तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे. मग त्यांच्या गाण्यातली, उभं राहण्यातली मार्दवता लोक आपोआप शोधतील. आणि गौरीबाईंनी केलेली तुकोबांची बायको आवली! पोराला घेऊन देवळात जाते आणि थेट पांडुरंगावर पायातली वहाण उगारते. भक्तिपटात देवाशी इतकं रोखठोक भांडण मी दुसरीकडे पाहिलं नाही. 'आधी बीज एकले' तुकोबांचा अभंग म्हणून पाठ केलेले कुणीतरी असणारच. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलंय हे सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको.

ओटीवरचा
एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या बोलपटांचा आवाज खरखरीत असतो. आमच्या पहिल्या कार्यक्रमात सभागृहाचे स्पीकर मागच्या भिंतीला होते, वयस्कर मंडळींना अर्धे संवाद कळलेच नाहीत, मध्यंतरात पंधराजण उठून गेले. तेव्हापासून दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर ठेवतो. पंखे बंद, खिडक्या उघड्या. आणि दाखवण्याची परवानगी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून लेखी घ्या, किमान महिनाभर आधी मागा.

कासवचाल
माझा एक विरोध नोंदवते. 'श्यामची आई'ने सुरुवात नको. आजच्या पोरांना शाळेत ती इतकी सांगितलेली असते की ती दाराशीच मान टाकतात. 'श्वास'ने सुरुवात करा. आजोबांना कळतं की डोळे काढल्याशिवाय नातू वाचणार नाही, मग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते त्याला बाहेर घेऊन जातात, सगळं एकदा बघून घे म्हणून. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता, त्या जागी त्याने माझा हात धरला. त्यानंतर मी 'श्यामची आई' लावली. तळपायाला घाण लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम त्याने न हलता पाहिला. श्याम झालेल्या माधव वझेंचा चेहरा बघत राहिला. आई झालेल्या वनमालाबाई कोण, असं त्यानेच विचारलं.

माजघर
कासवचाल ताई, हे पटलं. मग असं ठरवते: जून 'श्वास', जुलै 'श्यामची आई', ऑगस्ट 'सामना', सप्टेंबर 'कोर्ट', ऑक्टोबर 'उंबरठा', नोव्हेंबर 'कासव', डिसेंबर 'संत तुकाराम', फेब्रुवारीत आणि मे महिन्यात दोन्ही तारामती. जानेवारी रिकामा आहे, मार्च-एप्रिल परीक्षांमुळे सोडते. परवानगीची पत्रं उद्याच लिहायला घेते.

तारामती_३२
जानेवारीत 'जैत रे जैत'. थंडीत गाणी ऐकायला सगळे येतात.