नववा लागला म्हणून ब्लेड नको
एका ताईंनी लिहिलंय की नववा महिना लागला की घरीच ब्लेडने खालचे केस साफ करून ठेवावेत, नाहीतर दवाखान्यात सिस्टर बोलतात. बोलतात खऱ्या, पण हा सल्ला आता जुना झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या सूचना सांगतात की ऑपरेशनआधी केस काढूच नयेत, अगदी गरज पडली तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, कापावेत, ब्लेड मात्र नाहीच. ब्लेडने कातडीला डोळ्यांना न दिसणारे बारीक छेद जातात, त्यात जंतू शिरतात आणि सिझरचे टाके पिकायची भीती वाढते.

माझं बाळंतपण माहेरी, चोपड्याला, ऐन मे महिन्यात. पोटामुळे खालचं काही दिसेना, म्हणून आरसा बादलीला टेकवून चाचपडत रेझर फिरवला. दोन दिवसांत त्या घामात केसतोड उठले, बसता येईना. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "कोणी सांगितलं होतं हे?" पुढे सिझर झालंच, तेव्हा सिस्टरने टाक्याच्या जागेपुरते केस क्लिपरने कापले. दोन मिनिटांचं काम!

केस काढायच्या क्रीमचं म्हणाल तर गरोदरपणात कातडी हुळहुळी होते, रोजचं क्रीमही चुरचुरतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. टाके भरेपर्यंत तिथे वॅक्स, क्रीम काहीच नको. मी बाजेवर पडून पायांच्या वॅक्सिंगचं रडगाणं लावलं, तर आजी म्हणे, "कोन देखस व माय तुना पाय?"