तिसऱ्या वर्षाच्या एआय प्रोजेक्टसाठी विषय सुचवा

शिवनेरी
नमस्कार मंडळी. कम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयच्या विषयात चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्ट करायचाय आणि हातात एकच सेमिस्टर आहे. डोक्यात तीन विषय आहेत: चेहऱ्यावरून हजेरी, पानाच्या फोटोवरून रोग ओळखणं आणि मराठी ट्विट्समधला सूर ओळखणं. नारायणगावजवळ घरची टोमॅटोची शेती आहे, त्यामुळे ओढा दुसऱ्याकडे. पण सीनियर म्हणतात, तो दरवर्षी कुणीतरी करतंच. जीपीयू (मॉडेल वेगाने शिकवायला लागणारी चिप) कुणाकडेच नाही. काय घ्यावं?

आकडेमोड
हजेरी नको. तयार लायब्ररी जोडली की काम संपतं, तुम्ही शिकणार काय? शिवाय वर्गातल्या सगळ्यांचे चेहरे साठवायचे तर प्रत्येकाची परवानगी घ्यावी लागेल.

पानांचा विषय बिनधास्त घ्या. तो सगळे करतात हे खरं, पण एकाच साच्यात करतात: प्लांटव्हिलेज हा पानांच्या फोटोंचा डेटासेट उतरवायचा, तयार मॉडेल त्यावर फाइनट्यून करायचं (म्हणजे थोडं आणखी शिकवायचं), ९९ टक्के अचूकता स्लाइडवर टाकायची. त्यात १४ पिकांचे ५४ हजारांवर फोटो आहेत, पण पान तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. २०१६ च्या ज्या शोधनिबंधात ९९.३५ टक्के अचूकता नोंदवली आहे, त्यातच लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. ही घसरण का होते, हाच तुमचा प्रोजेक्ट. वावर तुमच्या घरचं आहे, ही संधी किती जणांना मिळते!

मॉडेल मोबाइलनेटसारखं छोटं घ्या, गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेतल्या फुकट जीपीयूवर निघेल. आधी फक्त प्लांटव्हिलेजवर शिकवा आणि घरच्या फोटोंवर तपासा. मग घरचे थोडे फोटो ट्रेनिंगमध्ये मिसळा, किती फरक पडतो बघा. एक पथ्य मात्र पाळा: एकाच झाडाचे फोटो ट्रेन (शिकवायच्या) आणि टेस्ट (तपासायच्या) अशा दोन्ही गटांत जाऊ देऊ नका. झाडाला नंबर द्या आणि विभागणी झाडानुसार करा. नाहीतर मॉडेल रोग न शिकता झाड ओळखायला लागतं आणि आकडा उगाच फुगतो.

पाटपाणी
मी शेतीवाला, कोडिंगमधलं कळत नाही. पण कुठल्या फोटोत कुठला रोग, हे लेबल कोण लावणार, ते आधी ठरवा. लवकर येणाऱ्या करप्यात डागात एकात एक वर्तुळं दिसतात. उशिरा येणाऱ्या करप्याचे डाग पाणी मुरल्यासारखे असतात आणि दमट हवेत पानाच्या खालून पांढरी बुरशी दिसते. म्हणजे पान उलटून खालच्या बाजूचाही फोटो घ्या. एकाच पानावर दोन रोगही असतात, त्याचं काय करणार? नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या तज्ज्ञांना फोटो दाखवून लेबलं पक्की करून घ्या.

काना_मात्रा
मराठी ट्विट्सची बाजूही मांडतो. पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाने २०२१ मध्ये महासेंट हा लेबल लावलेला डेटासेट खुला केला, सुमारे १६ हजार ट्विट्सचा. साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनपासून (वर्गीकरणाची एक हलकी पद्धत) सुरुवात करता येते, तेही लॅपटॉपवर. ‘वा, आज पण लाईट गेली’ यातला उपरोध मशीनला का कळत नाही, हे शोधण्यात सेमिस्टर मजेत जाईल. फोटो गोळा करायला जमणार नसेल तर हाच घ्या.

शिवनेरी
सगळ्यांचे आभार! ग्रुपशी बोललो, पानंच घेतोय. रविवारी दोघं वावरात जाणार आहोत. फोटो ऊन असताना काढायचे की सावलीत?

आकडेमोड
दोन्ही. सकाळी, दुपारी, ढगाळ असताना, आणि घरातल्या जुन्या मोबाइलवरही. प्रत्येक फोटोसोबत वेळ आणि फोन कुठला, ते शीटमध्ये लिहीत जा. नंतर मॉडेल कुठे चुकतं ते त्यावरूनच सापडेल. आणि दोन रोग असलेली पानं टाकून देऊ नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.