मदत हवी आहे: रिपीटर कंट्रोलर स्वतःशीच बोलत बसतो

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओ क्लबसाठी दोन मीटर बँडवरचा रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच वेळी दुसरीवर पुन्हा प्रसारित करणारं स्टेशन) जुळवतोय. डोंगरावर न्यायला अजून वेळ आहे, सध्या घराच्या माळ्यावरच चाचण्या चालू आहेत. गाडीत बसवायचे जुने दोन मोबाइल रेडिओ सेट घेतलेत. एक ऐकतो, दुसरा त्याच्यापेक्षा ६०० किलोहर्ट्झने वरच्या फ्रिक्वेन्सीवर, १० वॉटवर, डमी लोडमध्ये (अँटेनाऐवजी लावलेल्या रेझिस्टरमध्ये) बोलतो. मधला कंट्रोलर घरचा आहे: अर्डुइनो नॅनो, रिसीव्हरच्या सीओआर तारेला (सिग्नल आला की कळवणारी तार) पीसी८१७ ऑप्टोकपलर, पीटीटीला (ट्रान्समीटर चालू करणारी तार) २एन७००० मॉस्फेट. टेल (सिग्नल गेल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो तो वेळ) ३ सेकंद, टाइमआउट (सलग प्रसारणाची कमाल मर्यादा) १८० सेकंद.

हँडहेल्डवरून बोललो की आवाज छान जातो. बटण सोडलं, टेल संपली, पीटीटी पडली, आणि अर्ध्या सेकंदात कॅरिअर (ट्रान्समीटरची लहर) पुन्हा वर! बोलणारं कोणी नाही. पुन्हा टेल, पुन्हा पडते, पुन्हा उठते. काल तसाच चालू ठेवून जेवायला खाली गेलो. परत येऊन बघतो तर हीटसिंकला बोट लावता येईना. टाइमआउटही लागत नाही, कारण दर फेरीला मोजणी शून्यापासून सुरू होते.

डिबाउन्स (सीओआर खरा मानण्याआधी थांबायचा वेळ) २० वरून ५० मिलिसेकंद केला. फेऱ्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. पीटीटीची तार काढून तिथे नुसता एलईडी लावला की मात्र काहीच होत नाही.

(पीटीटी आधी डी१३ वर घेतली होती. दर रिसेटला बूटलोडर त्या पिनवरचा दिवा मिचकावतो, त्याच्यासोबत ट्रान्समीटरही मिचकायचा. हसू नका.)

कोड चुकतोय की सीओआरच्या तारेत आरएफ (ट्रान्समीटरच्या रेडिओ लहरी) शिरतोय?

---

तांब्याची_तार: पीटीटी सोडल्यावर ३०० मिलिसेकंद सीओआरकडे बघूच नकोस. कोडमध्ये दोन ओळी. विषय संपला.

माळ्यावरचा_हॅम: औषध चालेल, पण आजार कुठला ते तरी कळू दे. रिसीव्हरचा स्वतःचा बिझी दिवा बघ. कॅरिअर पडताक्षणी तो लुकलुकला, तर स्क्वेल्च (सिग्नल नसताना रिसीव्हरचा आवाज बंद ठेवणारं सर्किट) खरोखरच उघडतोय आणि तुझा कंट्रोलर बिचारा सांगितलेलं काम करतोय. दिवा गप्प राहिला आणि तरी कॅरिअर उठला, तर तारेत घुसखोरी आहे. मग नॅनोच्या तोंडाशी १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि फेराइट मणी. आणि दोन्ही सेट एकाच पॉवर सप्लायवर आहेत का?

धागाकर्ता: एकाच. तेही एकाच तारेवरून फाटे फोडून. रात्री बघून सांगतो.

धागाकर्ता: दिवा लुकलुकतो! मग मल्टिमीटर रिसीव्हरच्या टोकाशी लावला. ट्रान्समीटर चालू असताना १३.१ व्होल्ट, सोडला की एकदम १३.८. रिसीव्हर वेगळ्या बॅटरीवर घेतला, अर्धा तास झाला, चूं नाही.

माळ्यावरचा_हॅम: सापडलं तर. व्होल्टेज उडी मारतं, स्क्वेल्च सर्किट दचकतं, तेवढ्यात सीओआर हलतो. रिसीव्हरची प्लस-मायनस जोडी थेट सप्लायच्या टर्मिनलपर्यंत वेगळी ने, जमिनीची तारसुद्धा. तेवढ्याने नाही भागलं तर रिसीव्हरला स्वतःचा रेग्युलेटर दे. कोडमधला विलंब त्यानंतर, आणि ३०० नको, १५० बघ. टेल पडता पडता जो बोलायला लागतो त्याच्या कॉलसाइनचा (स्टेशनच्या ओळखनावाचा) पहिला ‘व्ही’ आपणच गिळतो. डोंगरावर चढवण्याआधी इनपुटला ८८.५ हर्ट्झचा सीटीसीएसएसही (आवाजाखाली जाणारा ओळखीचा स्वर) लाव, म्हणजे नुसत्या खरखरीवर उठणार नाही.

तांब्याची_तार: हरलो बुवा. पण एक विचारतो, २एन७००० च्या गेटपासून जमिनीला १० किलोओहमचा रेझिस्टर आहे ना? रिसेटमध्ये नॅनोची पिन अधांतरी असते. गेटही तरंगतो आणि ट्रान्समीटर वाटेल तेव्हा चालू.

धागाकर्ता: नाहीये. सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलंय.